शनिवारी बंद राहणारे बंदर : थेसालोनिकीची कहाणी

थेसालोनिकी हे ग्रीसमधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तेथील अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठाच्या आवारातून रोज हजारो विद्यार्थी ये-जा करतात. व्याख्यानगृहे, ग्रंथालय, झाडांखालचे कट्टे, भिंतींवरच्या घोषणा; कोणत्याही मोठ्या विद्यापीठात दिसावे तेच येथेही दिसते. मात्र १९४२ च्या डिसेंबरपर्यंत या जमिनीवर युरोपातील अत्यंत मोठ्या ज्यू दफनभूमींपैकी एक उभी होती. सुमारे साडेतीन लाख चौरस मीटर क्षेत्र आणि तीन लाखांहून अधिक थडगी. काही आठवड्यांत ती उखडली गेली आणि तिचे दगड शहरभर पांगले.

ग्रीसमधील एका शहरात इतके ज्यू आले कोठून, आणि ते गेले कोठे? हे समजून घ्यायचे तर बंदराच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

अलेक्झांडरच्या काळात हे शहर अस्तित्वातच नव्हते. मॅसिडोनियाची राजधानी होती पेल्ला. अलेक्झांडरचा जन्म तेथलाच. थेसालोनिकीहून वायव्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर आज तिचे अवशेष आहेत: खडकगोट्यांच्या फरसबंदीवर साकारलेली सिंहाच्या शिकारीची चित्रे, काटकोनात आखलेले रस्ते, रुंद चौक. तेथे उभे राहिले की सभोवार सपाट शेतेच दिसतात. पण एके काळी पेल्लापर्यंत जहाजे येत असत. नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाने आखाताचे वरचे टोक हळूहळू भरत गेले आणि समुद्र राजधानीपासून दूर सरकला. कोकणातील जुन्या खाड्यांचे जे झाले तेच येथे झाले. चौलला किंवा सोपाऱ्याला जाऊन आलेल्या वाचकाला हे अधिक सांगण्याची गरज नाही.

इ.स.पू. ३१५ च्या सुमारास कॅसँडर नावाच्या सेनानीने आखाताच्या खोल पाण्यालगत नवे शहर वसवले. आसपासच्या सव्वीस वस्त्या एकत्र करून ते उभारले गेले, असे भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. कॅसँडर हा काही सज्जन मनुष्य नव्हे. अलेक्झांडरची आई ऑलिंपियास, पत्नी रोक्साना आणि अल्पवयीन मुलगा या तिघांच्याही हत्या त्याच्याच नावावर आहेत. गादीवर हक्क सांगता यावा म्हणून त्याने अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीशी विवाह केला. तिचे नाव थेसालोनिके. थेसलीतील विजयाची आठवण म्हणून पिता फिलिपने ते ठेवले होते. तेच नाव शहराला मिळाले. पुढे या राणीचा वध तिच्या पोटच्या मुलानेच केला. तेवीसशे वर्षे सर्वांच्या तोंडी असलेल्या नावामागची स्त्री अशी वाऱ्यावर गेली.

स्थाननिवड मात्र अचूक होती. उत्तरेकडून बाल्कन प्रदेशातील नदीखोरी येथे समुद्राला भिडतात. रोमनांनी मॅसिडोनिया जिंकून इ.स.पू. १४६ मध्ये त्याचा प्रांत केला आणि एड्रियाटिक समुद्रापासून पूर्वेकडे जाणारा व्हिया एग्नातिया हा महामार्ग बांधला. रोमहून पूर्वेला निघालेली सेना, व्यापारी, टपाल आणि धर्मप्रचारक या शहरावरूनच जात. हद्दपार झालेला सिसेरो इ.स.पू. ५८ मध्ये येथेच दुःख उगाळत बसला होता. पुढे शंभर वर्षांनी संत पॉल आला. त्याने येथील अनुयायांना लिहिलेले पत्र हे नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक मानले जाते. पॉलने प्रवचन केले ते येथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात. म्हणजे ज्यू तेव्हाही या शहरात होते. पुढे ज्यांची बहुसंख्या झाली ते मात्र वेगळे, फार दूरवरून आलेले.

या शहराचा स्वभाव एका इमारतीत पाहायचा असेल तर रोटुंडापाशी थांबावे. जाड विटांच्या भिंतींची ही गोल वास्तू सम्राट गॅलेरियसच्या काळात, चौथ्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. गॅलेरियस हा ख्रिस्ती धर्मीयांचा छळ करणारा सम्राट. त्याच शतकात किंवा त्यानंतर लवकरच ती चर्च झाली; घुमटाच्या आतील सोनेरी मोझेइक त्या वेळचे. १५९१ च्या सुमारास ती मशीद झाली. १९१२ नंतर पुन्हा चर्च. आज ती स्मारक म्हणून जपली जाते आणि तिच्या शेजारी शहरातील शेवटचा मिनार उभा आहे. बाकीचे मिनार कोठे गेले, ते पुढे येईलच.

मधल्या हजार वर्षांत शहराने पुष्कळ भोगले. ३९० मध्ये रथशर्यतीच्या मैदानात जमलेल्या नागरिकांची सम्राट थिओडोशियसच्या सैनिकांनी कत्तल केली. कारण, जमावाने त्याच्या सेनापतीला ठार मारले होते. नवव्या शतकात येथेच जन्मलेल्या सिरिल आणि मेथोडियस या भावांनी स्लाव्ह भाषांसाठी लिपी सिद्ध केली. ९०४ च्या जुलैत त्रिपोलीच्या लिओचे आरमार आले. ते चढले समुद्राकडील तटावरून, कारण जमिनीकडील तट भक्कम होता आणि पाण्याकडच्या बाजूकडे दुर्लक्ष झाले होते. हजारो नागरिक गुलाम म्हणून विकले गेले. ११८५ मध्ये नॉर्मन आले. १४२३ मध्ये थकलेल्या बायझंटाइन राज्यकर्त्यांनी शहर व्हेनिसच्या हवाली केले आणि १४३० मध्ये ते ऑटोमन सुलतान दुसऱ्या मुरादने जिंकले. आखिरोपिएतोस नावाच्या पाचव्या शतकातील चर्चमध्ये एका संगमरवरी खांबावर सुलतानाच्या विजयाची अरबी लिपीतील नोंद आजही वाचता येते. चर्च पुन्हा चर्च झाले, पण तो खांब कोणी तासला नाही.

विजयानंतर शहर ओस पडले होते. बंदर आहे, पण माणसे नाहीत, अशी अवस्था. ती भरून निघाली भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या एका अन्यायामुळे.

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढले: ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा, अन्यथा देश सोडावा. सुलतान दुसऱ्या बायझिदने निर्वासितांना आपल्या राज्यात येऊ दिले. त्यांतील हजारो थेसालोनिकीत उतरले. १५१९ च्या ऑटोमन गणनेत निम्म्याहून अधिक कुटुंबे ज्यू आहेत. एका पिढीत शहराची भाषा बदलली. बाजारात, घाटावर, घराघरांत पंधराव्या शतकातील स्पॅनिश ऐकू येऊ लागली. तीत हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळत गेले आणि ‘लादिनो’ ही बोली चार शतके येथे नांदली.

त्यांच्या प्रार्थनामंदिरांची नावे वाचली तरी हरवलेल्या मुलखाचा नकाशा उलगडतो: कास्तिल, आरागॉन, कातालान, लिस्बन, सिसिली. जेथून हाकलले गेले त्याच गावांची नावे त्यांनी देवाच्या घराला दिली. उदरनिर्वाहासाठी त्यांनी लोकर विणण्याचा उद्योग उभारला. सुलतानाच्या जानिसारी सैन्याच्या गणवेशाचे कापड येथून जाई आणि शहरातील ज्यू समाजाचा कर कापडाच्या रूपाने भरला जाई.

युरोपातील इतर शहरांतला ज्यू म्हटला की सावकार, जवाहिऱ्या किंवा वैद्य डोळ्यांसमोर येतो. थेसालोनिकीत तो हमालही होता, कोळीही, नावाडीही आणि तंबाखूच्या वखारीतील मजूरही. गोदीवरचे बहुतेक कामगार ज्यू. त्यामुळे शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, संपूर्ण बंदर बंद राही. तुर्क अधिकारी, ग्रीक व्यापारी, परदेशी जहाजांचे कप्तान, सर्वांनी रविवारपर्यंत वाट पाहायची. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. कोकणात ही खूण काही गावांतल्या एका समाजापुरती होती. येथे तिने साम्राज्याच्या एका मुख्य बंदराचे वेळापत्रक ठरवले.

सगळेच गोड होते असे मात्र नव्हे. सतराव्या शतकात स्मिर्ना येथील साबाताई झ्वी याने स्वतःला तारणहार म्हणून घोषित केले आणि येथील ज्यू समाज वेडावून गेला. १६६६ मध्ये सुलतानासमोर उभे केल्यावर झ्वीने इस्लाम स्वीकारला. काही वर्षांनी येथील सुमारे तीनशे कुटुंबांनी त्याचे अनुकरण केले. ही माणसे बाहेरून मुसलमान, आतून जुन्या श्रद्धा जपणारी. ‘दॉन्मे’ म्हणून ओळखली जाणारी. या समाजाने १९०२ मध्ये बांधलेली नवी मशीद, येनी जामी, आजही उभी आहे. तिचा वास्तुविशारद विटालियानो पोझेली हा इटालियन. तिच्या कमानी पाहून ही मशीद आहे, सिनेगॉग आहे की युरोपीय रंगमंदिर, असा प्रश्न पडावा. बांधणाऱ्यांच्या बाबतीत तोच प्रश्न त्यांचे शेजारी अडीचशे वर्षे विचारीत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्राकडील तट पाडला गेला आणि किनाऱ्यावर लांब फरसबंद रस्ता आला. रेल्वे आली, १८८८ पासून थेसालोनिकी थेट मध्य युरोपशी जोडले गेले. किनाऱ्यावरचा प्रसिद्ध ‘पांढरा बुरूज’ हा ऑटोमनांचा तुरुंग. तेथील कत्तलींमुळे लोक त्याला ‘रक्ताचा बुरूज’ म्हणत. १८९० च्या सुमारास एका कैद्याने सुटकेच्या बदल्यात त्याला चुना फासला आणि नाव पालटले. आज तो पांढराही राहिलेला नाही, नाव तेवढे टिकले. १८८१ मध्ये याच शहरात मुस्तफा कमालचा, म्हणजे पुढच्या अतातुर्कचा जन्म झाला. १९०८ ची तरुण तुर्कांची क्रांतीही येथूनच पेटली.

त्यानंतर जे घडले ते अवघ्या एकतीस वर्षांत घडले.

पहिले वळण, १९१२. पहिल्या बाल्कन युद्धात ग्रीक सैन्याने शहर ताब्यात घेतले. बल्गेरियन सैन्य जवळजवळ त्याच वेळी वेशीवर पोहोचले होते. काही तासांच्या फरकाने एका शहराचे राष्ट्र ठरले. नव्या सत्तेने १९१३ मध्ये खानेसुमारी केली. एकूण १,५७,८८९ रहिवाशांपैकी ज्यू ६१,४३९, मुसलमान ४५,८६७, ग्रीक ३९,९५६. म्हणजे ग्रीस राष्ट्राला मिळालेल्या या शहरात ग्रीकांचा क्रमांक तिसरा होता. हे आकडे ध्यानात ठेवले नाहीत तर पुढचे काहीच समजत नाही.

दुसरे वळण, १९१७. पहिल्या महायुद्धात इंग्रज व फ्रेंच फौजांनी येथे तळ ठोकला होता. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत हिंदुस्थानी सैनिकही होते. मोनास्तिर मार्गावरील भारतीय दफनभूमी आणि तेथेच दहन झालेल्यांच्या नावांचे स्मारक याची साक्ष देतात. पांढऱ्या बुरुजापाशी छायाचित्रे काढणाऱ्या भारतीय पर्यटकांपैकी फार थोडे तेथवर जातात. त्या वर्षी १८ ऑगस्टला, शनिवारी, एका निर्वासित कुटुंबाच्या स्वयंपाकघरात ठिणगी पडली. वारा जोराचा, पाणी अपुरे. आग विझेपर्यंत सुमारे ९,५०० इमारती जळाल्या आणि ७० हजारांवर माणसे बेघर झाली. त्यांतील बहुसंख्य ज्यू. कास्तिल, आरागॉन ही नावे मिरवणारी बहुतेक प्रार्थनामंदिरे त्या दोन दिवसांत राख झाली.

सरकारने जळालेल्या भागातील जमीन ताब्यात घेतली आणि एर्नेस्ट एब्रार या फ्रेंच नगररचनाकाराकडून नवा आराखडा करून घेतला. समुद्राकडे उघडणारा, कमानींनी वेढलेला देखणा अ‍ॅरिस्टॉटल चौक ही त्याचीच देणगी. पर्यटकाला तो पुरातन वाटतो, पण आहे शंभर वर्षांच्या आतला. बेघर झालेल्या गरीब ज्यूंना मात्र जुन्या जागी परतणे परवडले नाही. त्यांची वस्ती शहराच्या कडेला ढकलली गेली.

तिसरे वळण, १९२३. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. निकष भाषा नव्हे, धर्म. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसकडे, ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानकडे. सुमारे बारा लाख ख्रिस्ती या बाजूला आले, साडेतीन ते चार लाख मुसलमान त्या बाजूला गेले. थेसालोनिकीचे मुसलमान बोटीत बसले आणि दॉन्मेही त्यांच्याबरोबर गेले. मशिदींचे मिनार पाडण्यात आले. रोटुंडाजवळचा एक उरला. आशिया मायनरमधून आलेल्या ग्रीकांनी घरे, गल्ल्या आणि येनी जामीसुद्धा भरून टाकली. आज शहराचा खास पदार्थ म्हणून जो मलईचा ‘बुगात्सा’ खिलवला जातो, तो प्रामुख्याने या निर्वासितांनी रुजवला. त्यांनीही आपली गावे, दुकाने, पूर्वजांची थडगी मागे सोडली होती. थेसालोनिकीच्या कहाणीत त्यांना खलनायक करणे अन्यायाचे ठरेल. मात्र त्यांच्या येण्याने ज्यू आपल्याच शहरात सर्वांत मोठा समाज उरले नाहीत. १९२४ मध्ये रविवारची सुट्टी कायद्याने सक्तीची झाली. शनिवारी बंद राहणारे बंदर शनिवारी उघडले.

चौथे वळण. ९ एप्रिल १९४१ रोजी जर्मन सैन्य शहरात शिरले. ११ जुलै १९४२, पुन्हा शनिवार. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना ‘स्वातंत्र्य चौकात’ भर उन्हात तासन्‌तास उभे करून मारहाण व विटंबना केली गेली. याच चौकात १९०८ मध्ये तरुण तुर्कांनी सर्व धर्मीयांच्या समतेची घोषणा केली होती. पुरुषांना सक्तीच्या कामावर धाडण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी खंडणी मागितली गेली. त्याच व्यवहारात दफनभूमीचा बळी गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दफनभूमी हलवावी ही मागणी जर्मनांच्या आधीपासूनची होती. विद्यापीठाला जागा हवी होती, वाढत्या शहराला जमीन हवी होती. जर्मनांनी परवानगी दिली. कुदळी चालवल्या त्या शहराच्या यंत्रणेने लावलेल्या मजुरांनी. साडेचार शतकांचे दगड फरसबंदीला, भिंतींना, अंगणांना, चर्चच्या दुरुस्तीला लागले. जर्मनांनी काही दगड पोहण्याच्या तलावासाठी वापरले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ मार्च १९४३ रोजी, जुन्या रेल्वे स्थानकातून पहिली गाडी निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६ हजार माणसे मालवाहू डब्यांतून आउश्वित्झला पाठवली गेली. बहुतेकांना पोहोचताच विषारी वायूच्या कोठड्यांत नेले. ज्या लोहमार्गाने थेसालोनिकीला युरोपशी जोडले, त्याच जाळ्यावरून ते घडले. युद्धानंतर शहरात उरले दोन हजारांच्या आसपास. परतलेल्यांना आपल्या घरांत अनोळखी कुटुंबे दिसली आणि अंगणात कधी आजोबांच्या थडग्याचा दगड, अक्षरे वर करून.

थेसालोनिकीहून साधारण तासाभराच्या अंतरावर व्हर्गिना आहे; मॅसिडोनियाची सर्वांत जुनी राजधानी. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस या पुरातत्त्वज्ञाने तेथील टेकाडाखाली न लुटलेली राजथडगी शोधली. सोन्याची पेटी, तिच्यावर सोळा किरणांचा तारा, आत जांभळ्या वस्त्रात गुंडाळलेल्या अस्थी. त्या फिलिप दुसऱ्याच्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज टेकाडाच्या आत संग्रहालय आहे. अंधारातून उतरत थडग्याच्या दारापर्यंत जाता येते. आंद्रोनिकोस हे थेसालोनिकीच्याच विद्यापीठात प्राध्यापक होते.

विद्यापीठाच्या आवारात दफनभूमीचे स्मारक उभे राहिले ते २०१४ मध्ये. स्वातंत्र्य चौक कित्येक वर्षे वाहनतळ होता. त्याच्या कोपऱ्यात ज्वाळांत गुंतलेल्या मानवाकृतींचे शिल्प आहे. आगीतून वाचलेल्या एका जुन्या इमारतीत ज्यू संग्रहालय आहे. त्याच्या तळमजल्यावर परत मिळालेले थोडे दगड मांडले आहेत: हिब्रू अक्षरे, कोठे एखादे फूल, कोठे तुटलेले अर्धे नाव.

२००६ मध्ये शहरात मेट्रोचे खोदकाम सुरू झाले. व्हेनिझेलू स्थानकाच्या जागी बायझंटाइन काळातील मुख्य रस्ता सापडला: संगमरवरी फरशा, दुतर्फा दुकाने, चौक. हे अवशेष जागेवरच ठेवावेत की काढून पुन्हा बसवावेत, यावर अनेक वर्षे वाद झाला, न्यायालयापर्यंत गेला. अखेर अवशेष सुटे करून हलवले गेले आणि स्थानक बांधून झाल्यावर पुन्हा मूळ जागी मांडण्यात आले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मेट्रो सुरू झाली. गाडीकडे जाणारे प्रवासी आता त्या रस्त्याला वळसा घालून फलाटावर उतरतात.